चौथी हालचाल

हेइआन शोदानची चौथी हालचाल मुलं विसरतात. जळकोटात शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलांना ओळीत उभं करून मी हा काता कितीदा घेतला असेल याची मोजदाद नाही, पण दर नव्या तुकडीत हेच होतं. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, एक पाऊल पुढे टाकून पंच, मागे वळून पुन्हा खालचा ब्लॉक. इथपर्यंत सगळी रांग एका लयीत जाते आणि चौथ्या आकड्याला तुटते. इथं पुढचा उजवा पाय मागे ओढायचा असतो, उजवा हात अंगाजवळून गोल वर न्यायचा असतो आणि मूठ हातोड्यासारखी खाली आणायची असते. अर्धी मुलं हातोडा गाळून सरळ पुढच्या पंचावर जातात. मी त्यांना कधी रागावलो नाही. २१ हालचालींच्या या कात्यात बाकी सगळं जोडीनं किंवा तिघातिघांनी येतं. हातोडा एकटाच येतो आणि परत फिरकत नाही. ज्याचा मागचा-पुढचा काही संबंध लागत नाही, ते पोरांच्या ध्यानात राहणार कसं?

काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन नांदेडला एका स्पर्धेला गेलो होतो. शेजारच्या मॅटवर दुसऱ्या क्लासचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा आला, वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, ‘पिनान निदान’. आणि त्यानं पहिल्याच हालचालीला हातोडा मारला. आखूड मांजर-पवित्रा: वजन मागच्या पायावर, पुढच्या पायाचा फक्त चवडा जमिनीला टेकलेला. पुढचं सगळं मात्र आमच्याच हेइआन शोदानसारखं. त्याच दिशा, तीच तीन पावलं, तीच वळणं. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं बाही ओढून विचारलं, ‘‘सर, ते चुकायलेत का आपण?’’

तिथल्या तिथं मी एवढंच म्हणालो, की कुणीच चुकत नाही. ते उत्तर खरं होतं, पण तिला ते पुरणारं नव्हतं आणि मलाही पुरलं नाही. हा लेख त्या उत्तराच्या पुढचा भाग आहे.

कराटे न शिकलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या दिशांना, एकट्यानं करायच्या हालचालींची माळ. समोर प्रतिस्पर्धी नसतो, पण तो आहे असं धरून प्रत्येक हालचाल करायची असते. तो नेमका कुठं आहे, काय करतोय आणि आपण त्याला काय उत्तर देतोय, हे उलगडण्याला जपानीत बुंकाइ म्हणतात. पोथी आणि तिची टीका यांचं जे नातं, तेच काता आणि बुंकाइचं. आजची अडचण ही, की पोथी पाठ करणारे हजारो झालेत आणि टीका वाचणारे फार थोडे उरलेत.

जपानीत नि म्हणजे दोन, म्हणून निदान म्हणजे दुसरी पायरी. शोदान म्हणजे पहिली. मग एकाची दुसरी पायरी दुसऱ्याची पहिली कशी झाली? हे पाच काते इतोसु आंको या ओकिनावाच्या गुरूनं शाळकरी मुलांसाठी बांधले. १९०१ साली कराटे शुरीच्या प्राथमिक शाळेत शिरलं ते त्याच्याच प्रयत्नानं, आणि १९०८ साली त्यानं शिक्षण खात्याला दहा कलमांचं पत्र लिहून ही विद्या शाळांमधून का शिकवावी हे मांडलं. त्याआधी गुरू एका-दोघांना घराच्या परसात शिकवायचा आणि एकच काता वर्षानुवर्षं घोटून घ्यायचा. शाळेत तसं जमत नाही. तिथं रांगा असतात, तास असतो, घंटा असते. म्हणून इतोसुनं मोठ्या, जुन्या कात्यांतले तुकडे घेऊन पाच छोटे पाठ रचले आणि त्यांना पिनान हे नाव दिलं. त्याचा शिष्य फुनाकोशी गिचिन स्वतः शाळामास्तर होता. १९२२ साली तो तोक्योला गेला, तिथंच राहिला आणि जपानच्या मुख्य भूमीवर त्यानं कराटे रुजवलं. त्यानं पिनान हीच चिन्हं जपानी उच्चारानं हेइआन अशी वाचली आणि पहिल्या दोन पाठांची अदलाबदल केली, कारण इतोसुचा दुसरा पाठ नवशिक्याला सोपा होता. मास्तरनं धड्यांचा क्रम बदलला, इतकंच. जळकोट आणि नांदेडच्या पोरांमधल्या गोंधळाचं मूळ हे.

क्रमाचा बदल समजण्यासारखा आहे. हातोड्याचं कोडं मात्र क्रमानं सुटत नाही. माबुनी केनवानं घडवलेल्या शितो-र्यू शैलीत या कात्याची सुरुवातच मांजर-पवित्र्यातल्या हातोड्यानं होते. फुनाकोशीच्या, म्हणजे आमच्या शोतोकान शैलीत त्याच जागी लांब पवित्रा आणि खालचा ब्लॉक आहे, आणि हातोडा उरलाय तो एकट्या चौथ्या हालचालीत. आमची मुलं ज्याला भटकी हालचाल समजून विसरतात, ती भटकी नाही. शेजारचा पाठ वाचल्यावर कळतं की हा या कात्याचा एक मूळ विषय होता; आमच्या पाठात त्याची एकच खूण शिल्लक आहे.

शैलीभेदांचं बोलणं निघालं की लोक संगीतातल्या घराण्यांची उपमा देतात. मीही बरीच वर्षं देत होतो. आता ती मला पुरत नाही. ग्वाल्हेरचा गवई आणि किराण्याचा गवई एकच राग गातात तेव्हा दोघंही त्या क्षणी काहीतरी नवं रचत असतात. कात्यात रचायला जागाच नाही. तिथं शब्द न् शब्द ठरलेला आहे. म्हणून मला काता पोथीच्या जवळचा वाटतो आणि शैलीभेद पाठभेदांच्या. आपल्या मराठवाड्याला पाठभेद नवे नाहीत. महानुभावांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, मग शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली आणि म्हणून तिचे निरनिराळे पाठ झाले. त्या महानुभावांचं माहूर आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये असं बजावलं. पोथी हातानं उतरते, काता शरीरानं उतरतो. दोन्हीकडे गुरू गेला की उरतं ते शिष्याच्या आठवणीत. ओकिनावात तर १९४५ च्या लढाईनं घरं, कागद आणि माणसं एकदमच नेली. गोजू-र्यूचा जनक मियागी चोजुन ज्याच्याकडे आपला वारस म्हणून पाहत होता, तो शिंझातो जिनआन त्याच लढाईत गेला.

पाठभेद म्हटलं की संशोधक तीन गोष्टी वेगळ्या करतो: जुना, परंपरेनं आलेला भेद, लिहिणाऱ्याच्या हातून झालेला प्रमाद, आणि नंतर कुणीतरी मुद्दाम घातलेला प्रक्षेप. कराटेत या तिन्हींना ‘आमची स्टाईल’ या एकाच नावाखाली जागा मिळते. इथंच समीक्षेची गरज आहे आणि इथंच ती होत नाही.

परंपरेनं आलेल्या भेदाचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर उदाहरण सेइसान. सेइसान म्हणजे १३. गोजू-र्यू, उएची-र्यू, शोरिन-र्यू, वादो-र्यू, शोतोकान, जवळपास प्रत्येक मोठ्या परंपरेत तो आहे. शोतोकानमध्ये त्याचं नाव हांगेत्सु, म्हणजे अर्धचंद्र, कारण पाय अर्धवर्तुळात फिरवत पुढे जातात. गोजूवाल्यांचा सेइसान आणि आमचा हांगेत्सु शेजारी शेजारी ठेवले तर पहिल्यांदा फरकच दिसतात. त्यांचा पवित्रा आखूड आणि आतल्या बाजूला आवळलेला, श्वास ऐकू येणारा. आमचा लांब, रुंद. त्यांच्यात मधेच अचानक जवळून मारलेले ठोसे. आमच्यात हातांच्या हालचाली अधिक उघड्या. पण दोन्ही सुरू होतात सावकाश, जोर लावून टाकलेल्या तीन पावलांनी. आणि दोन्ही संपतात मांजर-पवित्र्यात, उघड्या तळव्यांनी. शोतोकाननं हेइआनमधून मांजर-पवित्रा काढला. तिथं त्याच्या जागी लांब, मागे झुकलेला कोकुत्सु-दाचि आला. पण हांगेत्सुच्या शेवटच्या हालचालीत ते मांजर अजून बसलेलं आहे. कुणीतरी सगळं घर बदललं आणि उंबरठ्याचा दगड तसाच ठेवला. मी हा काता वीस वर्षं करत होतो आणि शेवटचा पवित्रा एवढा वेगळा का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गोजूचा सेइसान पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही.

सांचिनची गोष्ट याच्या जवळची, फक्त तिथं साक्षीदार अधिक आहेत. हिगाओन्ना कानर्यो चीनच्या फुझोउ शहरात शिकून आला. उएची कानबुन १८९७ साली त्याच शहरात गेला. दोघांनीही सांचिन नावाचा श्वासाचा, उभं राहण्याचा काता आणला. उएचीचा सांचिन आजही उघड्या हातांनी, बोटं ताठ ठेवून करतात. हिगाओन्नाच्या परंपरेतून मियागीकडे आलेला सांचिन मिटल्या मुठींचा आहे, श्वास मोठा आणि घशातून येणारा. हात उघडे होते ते पुढे मिटले, असं परंपरा सांगते. कारण काहीही असो, उघडा हात बोटांनी भोसकतो, पकडतो, ओढतो. मिटलेला हात मारतो. मूठ मिटली की बुंकाइची अर्धी पानं गेली. ती पुन्हा सापडतात उएचीच्या पाठात. म्हणून गोजूच्या माणसानं उएचीचा सांचिन एकदा तरी पाहावा असं मी म्हणतो, आणि उएचीच्या माणसानं गोजूचा.

आता मुद्दाम केलेले बदल. शोतोकानच्या हेइआनमध्ये बाजूला मारलेली किक आहे, योको-गेरी. ओकिनावाच्या शोरिन-र्यूच्या पिनानमध्ये त्याच जागी समोरची साधी किक, माए-गेरी. हा बदल फुनाकोशीचा मुलगा गिगो यानं आणला असं बहुतेक अभ्यासक मानतात. लांब, खोल पवित्रेही त्याच काळातले. पुढे १९४९ साली जपान कराटे असोसिएशन स्थापन झाली आणि १९५७ पासून तिच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. विद्यापीठातले तरुण, लवचीक पोरगे आणि समोर गुण देणारे पंच. दूरवरून दिसणारी हालचाल तिथं वरचढ ठरली. बाजूच्या किकला मी प्रक्षेप म्हणतो. प्रक्षेप म्हणजे वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. ती किक शरीराला उत्तम शिक्षण देते. पण बुंकाइ समजावताना ‘शत्रू बाजूला आहे म्हणून बाजूला किक’ असं सांगितलं जातं, तेव्हा मी अस्वस्थ होतो. शत्रू बहुधा समोरच होता. आपण त्याला मागाहून बाजूला नेऊन उभं केलं.

नाइहांचीतही असंच. जुन्या पाठात पवित्रा अरुंद, पावलांचे अंगठे किंचित आत. मोतोबु चोकीनं आपलं जवळपास सगळं कराटे या एका कात्यावर उभं केलं. शोतोकानमध्ये तो तेक्की झाला, म्हणजे लोखंडी घोडा, आणि पाय रुंद फाकले. जळकोटच्या मुरमाड मैदानावर, अनवाणी, दोन्ही पवित्रे करून पाहिले की फरक वाचायची गरज उरत नाही. रुंद घोड्यात टाचा मुरमावरून निसटतात आणि मांड्या पेटतात. अरुंद नाइहांचीत पाय जमिनीला घट्ट धरतात आणि कमरेचा झटका मुठीपर्यंत पोचतो. एक मांड्या घडवतो, दुसरा धक्का शिकवतो. पावसाळ्यानंतर मैदानावर सराटे पसरलेले असतात तेव्हा मुलं आपोआप आखूड पवित्र्यात येतात, पाय उचलून ठेवतात. ओकिनावाची जमीन मी पाहिलेली नाही, पण जमीन पवित्रा शिकवते हे मी रोज पाहतो.

ओत्सुका हिरोनोरीच्या वादो-र्यूबद्दल इथं थोडक्यातच. तो जुजुत्सु शिकून आलेला होता, त्यामुळे त्याचं अंग समोरच्या माराला अडवण्यापेक्षा त्यातून निसटतं. शेवटी त्यानं नऊ काते पुरेसे मानले: पाच पिनान, कुशांकु, नाइहांची, सेइशान आणि चिंतो. उलट माबुनीनं इतोसु आणि हिगाओन्ना या दोन्ही गुरूंच्या परंपरा जपल्या, दोघांच्या आडनावांच्या पहिल्या चिन्हांवरून शैलीचं नाव ठेवलं आणि पन्नासच्या आसपास काते सांभाळले. एकानं गाळून घेतलं, दुसऱ्यानं साठवलं. माझा कल माबुनीकडे आहे, हे लपवत नाही. साठवणारा नसता तर गाळणाऱ्याच्या गाळणीतून काय खाली गेलं, हे आपल्याला कळलंच नसतं.

नावांचाही पाठभेद आहे आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. कुशांकु हा ओकिनावात आलेला एक चिनी माणूस. १७६२ च्या एका नोंदीत त्याचा उल्लेख आहे. फुनाकोशीनं त्याच्या नावावरच्या कात्याचं नाव कांकु केलं, आकाशाकडे पाहणं, कारण सुरुवातीला दोन्ही हात वर नेऊन बोटांच्या त्रिकोणातून वर पाहायचं असतं. चिंतो झाला गांकाकु, खडकावरचा क्रौंच. वांशु झाला एन्पी, उडती पाकोळी. नावं सुंदर आहेत, मुलांना आवडतात. पण चिनी नावं जपानी कानांना नको होती अशा काळातला हा बदल आहे. माणसाचं नाव गेलं आणि त्या जागी आकाश आलं. मी क्लासमध्ये दोन्ही नावं सांगतो. आमच्याकडे कांकु दाइच्या ६५ हालचाली ज्याला पाठ होतात, त्याला कुशांकु कोण होता हेही माहीत असलंच पाहिजे.

इथं आपल्याकडच्या एका समजुतीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. अनेक क्लासच्या भिंतींवर बोधिधर्माचं चित्र असतं आणि कराटे भारतातूनच गेलं असं मुलांना अभिमानानं सांगितलं जातं. बोधिधर्मानं शाओलिनला व्यायाम शिकवला या कथेचा आधार असलेला चिनी ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांचा. त्या आधारावर मुलांना इतिहास सांगणं मला पटत नाही. युद्धकलांचा अभिमानच हवा असेल तर तो शोधायला चीनपर्यंत जायला नको. नांदेडला हजूर साहिबच्या होला मोहल्ल्यात गतका खेळणाऱ्यांचे पाय पाहावेत. फिरत्या पावलांची ती लय पिढ्यान्‌पिढ्या अंगातूनच उतरत आली आहे.

आता आजची स्थिती. जागतिक कराटे महासंघाच्या यादीत १०२ काते आहेत. पूर्वी स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्यांत ठरावीक आठ काते करावे लागत, चार मुख्य शैलींचे प्रत्येकी दोन: शोतोकानचे जिओन आणि कांकु दाइ, शितोचे बासाइ दाइ आणि सेइएन्चिन, गोजूचे साइफा आणि सेइपाइ, वादोचे सेइशान आणि चिंतो. त्या नियमानं चारही पाठ स्पर्धेत जिवंत ठेवले होते. तो नियम गेला आणि निवड मोकळी झाली. मोकळीक मिळाल्यावर विविधता वाढेल असं वाटलं होतं, झालं उलटं. वरच्या फेऱ्यांत तेच तेच काते दिसतात: सुपारिंपेइ, पापुरेन, आनान दाइ, चातानयारा कुशांकु. तोक्यो ऑलिंपिकमध्ये, ५ ऑगस्ट २०२१ रोजी, महिलांच्या अंतिम फेरीत स्पेनची सांद्रा सांचेझ आणि जपानची शिमिझु कियोऊ दोघींनीही चातानयारा कुशांकुच केला. २८.०६ विरुद्ध २७.८८. दोघींची गती, दोघींचं थांबणं, दोघींचा किआइ, म्हणजे आरोळी, अप्रतिम होता. मी तो सामना पुन्हा पुन्हा पाहिलाय. पण त्यातली मराठी वाचकासाठी महत्त्वाची गोष्ट ही, की हा काता आमच्या कांकु दाइचाच सख्खा भाऊबंद. एकच पूर्वज, दोन पाठ. ज्या मुलानं कांकु दाइ घोटलाय त्याला तो सामना पाहताना प्रत्येक वळणावर ओळखीचं काहीतरी सापडेल आणि लगेच निसटेलही.

दुसऱ्या दिवशी पुरुषांत कियुना र्योनं ओहान दाइ करून सुवर्ण घेतलं. तो ओकिनावाचा, र्यूएइ-र्यूचा. ही शैली नाकाइमा घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बंद होती. तिला जगापुढे आणणारा साकुमोतो त्सुगुओ १९८४, १९८६ आणि १९८८ असा तीनदा काता प्रकारात जगज्जेता झाला, आणि कियुना त्याचाच शिष्य. घरात बंद असलेली पोथी उघडली याचा मला आनंद आहे. पण पुढे जे झालं ते पाहून आनंद ओसरतो. आज या शैलीचा आनान करणाऱ्या बहुतेकांनी तो र्यूएइ-र्यूच्या गुरूकडून घेतलेला नाही, मोबाइलवरून घेतलाय. स्पर्धेचा नियम सांगतो की शैलीनुसार किरकोळ फरक चालतील. ज्याची शैलीच मोबाइल आहे, त्याच्या फरकाला कोणत्या परंपरेचा म्हणायचं? हा भेदही नाही आणि प्रक्षेपही नाही. हा शुद्ध लेखनप्रमाद आहे, आणि तो पदकांच्या जोरावर प्रमाण पाठ होऊ पाहतोय. टाच आपटून काढलेला आवाज, गणवेशाच्या बाहीचा मुद्दाम उडवलेला फटका, हालचाल संपल्यावर पंचांना दिसावा म्हणून लांबवलेला स्तब्धपणा, हे सगळं आता आमच्या तालुक्याच्या मुलांच्या हेइआन शोदानमध्येही उतरलंय.

मराठवाड्याच्या लहान गावांत याचा परिणाम मी जवळून पाहतो. चौदा वर्षांची पोरं सुपारिंपेइ करतात. सुपारिंपेइ म्हणजे १०८. ज्याच्या आधी साइफा, सेइएन्चिन, सेइपाइ असे काते बारकाईनं घोटावे लागतात, असा गोजूचा सर्वांत लांब काता. पोर तो तीन महिन्यांत वर वर पाठ करतं, आईबाप कौतुक करतात, पदक मिळतंही. पण त्या मुलाला पकड कशी सोडवायची विचारलं तर तो गप्प उभा राहतो. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांची आशा, पट्ट्यांच्या परीक्षा, प्रमाणपत्रं, संघटनांच्या मान्यतेचे वाद या सगळ्यात काता हा एक भरलेला फॉर्म झालाय. कुठल्याही एका क्लासवर किंवा संघटनेवर बोट ठेवायचं नाही मला. मीही याच व्यवस्थेत परीक्षा घेतल्या आहेत आणि प्रमाणपत्रांवर सह्या केल्या आहेत.

सरकारी शाळांमध्ये मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण ही तीन महिन्यांची योजना आहे. तीन महिन्यांत काता शिकवायचा की नाही, हा प्रश्न प्रशिक्षकांमध्ये दरवर्षी निघतो. बहुतेक जण नाही म्हणतात: वेळ थोडा, कामाचं शिकवा. मला इतोसु आठवतो. त्याच्याही पुढ्यात शाळा होती, रांगा होत्या, थोडा वेळ होता, आणि त्यानं काता टाकून न देता त्याचे लहान तुकडे केले. हेइआन शोदानच्या पहिल्या पाच हालचाली आणि त्यांची बुंकाइ एवढंच तीन महिन्यांत नीट झालं, तरी मुलीच्या मनगटात आणि पावलांत काहीतरी शिल्लक राहील. २१ हालचाली पाठ करून घेण्याची घाईच चुकीची आहे.

नाथांनी शुद्ध पाठ केला तसा कराटेलाही एक शुद्ध पाठ हवा, असं म्हणणारे आहेत. शैलींनी आपापले प्रमाण काते ठरवले, त्यांची पुस्तकं केली, शोतोकानच्या नाकायामा मासातोशीची पुस्तकं तर आमच्या पिढीनं फोटोंवरून बोट फिरवत वाचली. प्रमाण पाठ लागतोच; त्याशिवाय रांग चालत नाही आणि परीक्षा होत नाही. पण नाथांपुढे ज्ञानेश्वरांनी एकदाच सांगितलेला एक ग्रंथ होता. सेइसानचा मूळ कर्ता कुणाला ठाऊक नाही, आणि तो बहुधा एकदाच रचलाही गेला नसावा. तिथं एक शुद्ध पाठ शोधणं म्हणजे बाकीचे पाठ पुसणं. लीळाचरित्राच्या अभ्यासकांचा मार्ग मला इथं जास्त जवळचा वाटतो: सगळे पाठ समोर ठेवा, कुठे जुळतात ते पाहा, कुठे फाटतात तिथं थांबा. काता फाटतो तिथंच त्याचा अर्थ बाहेर डोकावतो.

म्हणून गेली काही वर्षं मी शनिवारी वेगळा तास घेतो. शरीरात एकच पाठ मुरवायचा, आमचा हेइआन शोदान. त्यात मिसळ नाही. पण डोळ्यांनी दोन पाठ वाचायचे. मी किंवा मोठी मुलं पिनान करून दाखवतो, लहान मुलं बसून फरक मोजतात. कुणाला पवित्र्यातला दिसतो, कुणाला हातातला. एकदा सात वर्षांच्या पोरानं शांतपणे सांगितलं, की त्यांचं डोकं कमी हलतं. मी तीस वर्षांत ते पाहिलं नव्हतं.

चौथी हालचाल आम्ही आता जोडीनं करतो. तीन हालचाली एकट्यानं, मग जोडीदार पुढे येऊन उजवं मनगट घट्ट धरतो. पाय मागे ओढल्याशिवाय हात सुटत नाही, आणि हात गोल वर नेल्याशिवाय हातोडा खाली येत नाही. हे सुरू केलं त्या महिन्यात एकाही मुलानं हातोडा गाळला नाही. परवा पिवळ्या पट्ट्याच्या एका मुलीनं हात सोडवून घेतला, क्षणभर थांबली आणि मागे जाऊन सुरुवातीच्या जागेवर उभी राहिली. ‘‘सर,’’ ती म्हणाली, ‘‘इथं पहिल्यालाच कुणी हात धरला तर?’’

पिनान मी तिच्या तुकडीला अजून दाखवला नव्हता. मी जोडीदाराला तिचं डावं मनगट धरायला सांगितलं. तिनं पुढचा पाय थोडा ओढून घेतला, वजन मागे गेलं, चवडा जमिनीला टेकला, आणि मूठ वरून खाली आली.